तरुण मुलाचे फुफ्फुस अचानक बसते तेव्हा: घरच्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

माझ्या धाकट्या मुलाची उंची सहा फूट आणि वजन जेमतेम ५६ किलो. तो २३ वर्षांचा असताना एका सकाळी, ऐरोलीच्या ऑफिसला निघण्यापूर्वी बुटाची नाडी बांधताना, त्याच्या उजव्या छातीत एकाएकी कळ आली आणि ती खांद्यापर्यंत गेली. उसण भरली असेल असे आम्ही दोघेही धरून चाललो. मी बाम चोळला, ओव्याचे पाणी दिले आणि जवळच्या दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी दुखणे निम्म्याने उतरले, म्हणून तो ठाणे-वाशी लोकलने उभ्याने प्रवास करून कामावरही गेला. तिसऱ्या दिवशी ठाणे स्थानकाचा पूल चढताना त्याला दम लागून मध्येच थांबावे लागले. त्या संध्याकाळी काढलेल्या एक्स-रेमध्ये उजवे फुफ्फुस अर्ध्याहून अधिक बसलेले दिसले. अकरा महिन्यांनी तेच फुफ्फुस पुन्हा बसले आणि त्या खेपेला शस्त्रक्रिया करावी लागली.

मी डॉक्टर नाही. या दोन खेपांत डॉक्टरांना, परिचारिकांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून, तसेच नंतर बरेच वाचून जे समजले, ते येथे क्रमाने लिहीत आहे. उपचार ठरवणे डॉक्टरांचेच काम आहे. मात्र कोणत्या टप्प्यावर काय ओळखायचे आणि काय विचारायचे हे घरच्यांना माहीत असेल, तर आमचे गेले तसे दोन दिवस वाया जात नाहीत.

छातीत नेमके काय होते

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असते आणि छातीच्या भिंतीला आतून तसेच दुसरे आवरण असते. दोहोंच्या मध्ये केवळ थोडा ओलावा असतो, आणि तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे फुफ्फुस भिंतीकडे ओढलेले, म्हणजेच फुगलेले राहते. काही तरुणांच्या फुफ्फुसाच्या शेंड्यावर, आवरणाच्या अगदी खाली, हवेचे फुगे तयार होतात. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटून वर यावा तसे. लहान फुग्याला डॉक्टर ब्लेब म्हणतात आणि मोठ्याला बुला. असा फुगा फुटला की हवा दोन आवरणांच्या मध्ये शिरते, ओढ सुटते आणि फुफ्फुस आकसते. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात.

हा शब्द १८०३ मध्ये फ्रेंच वैद्य इटार यांनी वापरला आणि १८१९ मध्ये लेनेक यांनी या विकाराची लक्षणे वर्णिली. त्या काळी फुफ्फुस बसले म्हणजे क्षय, असेच मानले जाई. धडधाकट तरुणांतही हे होते, ही गोष्ट डेन्मार्कच्या क्यारगार्ड यांनी १९३२ मध्ये ठळकपणे मांडली. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण अजून मोठे असल्यामुळे डॉक्टर आजही पहिला प्रश्न क्षयाबद्दलच विचारतात. त्याचा राग मानू नये. घरात कोणाला क्षय झाला असेल तर ते न लपवता सांगावे.

उंच, सडपातळ आणि साधारण १५ ते ३५ या वयातील मुलग्यांमध्ये हा प्रकार सर्वाधिक आढळतो. सिगारेट ओढणाऱ्यांत त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो आणि गांजा ओढल्यानेही फुफ्फुसावर फुगे धरतात. मात्र सिगारेटला कधी हात न लावलेल्या मुलांनाही तो होतो. जड पिशवी उचलली, व्यायामशाळेत जास्त जोर लावला, अशी कारणे शोधत घरातली माणसे एकमेकांना बोल लावतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मुलगा स्वस्थ बसलेला असताना किंवा रोजचे साधे काम करतानाच फुगा फुटतो.

पहिला टप्पा: कळ आल्यानंतरचा तास

एका बाजूच्या छातीत अचानक उठलेली, खोल श्वास घेतल्यावर वाढणारी, कधी खांद्यात किंवा पाठीत जाणारी कळ आणि तिच्या जोडीला कमी-अधिक दम, हे मुख्य लक्षण आहे. कोरडा खोकलाही येऊ शकतो. ही कळ पुष्कळदा २४ तासांत आपोआप सौम्य होते. फुफ्फुस मात्र बसलेलेच असते. आमची फसगत नेमकी येथेच झाली. "आई, आता फारसे दुखत नाही," या मुलाच्या वाक्यावर मी विसंबले. म्हणून कळकळीने सांगते की, सडपातळ तरुणाला अशी कळ आली, तर दुखणे उतरले तरीही त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढावा. सोबत ईसीजीही होतो, आणि छातीत दुखताना तो कोणत्याही वयात करून घ्यावा.

दम वेगाने वाढणे, ओठ निळसर होणे, नाडी फार जलद चालणे, घाम फुटणे, गरगरणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले, तर एक्स-रे केंद्राचा विचार सोडून द्यावा. आत शिरलेली हवा बाहेर पडेनाशी झाली की तिचा दाब हृदयावर आणि दुसऱ्या फुफ्फुसावर येतो. याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात आणि त्यात डॉक्टर एक्स-रेची वाट न पाहता सुई घालून हवा सोडतात. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जे वाहन हाताशी असेल त्याने जवळच्या अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. मुलाला स्वतः दुचाकी चालवू देऊ नये आणि आडवे झोपण्याची सक्ती करू नये; बसून त्याला बरे वाटत असेल तर बसू द्यावे.

कोठे जायचे हे आधीच ठरवलेले असावे. ठाण्यात महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचे महापालिका रुग्णालय आहे, नेरूळ आणि कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, आणि दोन्ही शहरांत मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. दारात नावापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात: आत्ता एक्स-रे निघेल का, आणि गरज पडल्यास छातीत नळी घालणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का. घोडबंदर रस्त्याच्या पार टोकाला राहणाऱ्यांनी संध्याकाळच्या वाहतुकीचा हिशेब यात अवश्य धरावा.

दुसरा टप्पा: एक्स-रे आणि त्यापुढचे प्रश्न

एक्स-रे शक्यतो उभ्याने किंवा बसून काढावा, कारण झोपून काढलेल्या चित्रात थोडी हवा निसटू शकते. चित्रात फुफ्फुसाची कड एका बारीक रेषेसारखी दिसते आणि तिच्या बाहेर फुफ्फुसाची जाळी दिसत नाही. किती सेंटीमीटर अंतर सुटले आहे हे विचारून लिहून ठेवावे. पुढच्या एक्स-रेशी तुलना करताना ते उपयोगी पडते. मात्र उपचार केवळ या आकड्यावर ठरत नाहीत. मुलाला दम किती आहे आणि रक्तातील ऑक्सिजन किती आहे, याला आता अधिक महत्त्व दिले जाते.

सीटी स्कॅन प्रत्येकाला पहिल्या दिवशीच लागतो असे नाही. मोठा बुला आणि न्यूमोथोरॅक्स यांत शंका असेल, तर मात्र नळी घालण्यापूर्वी स्कॅन फार मोलाचा ठरतो, कारण बुलामध्ये चुकून नळी गेली तर नवीच गळती सुरू होते. शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हाही स्कॅन करतात आणि त्यात दुसऱ्या बाजूचे फुफ्फुसही पाहून घेतात.

काही खुणा डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. घरात आणखी कोणाचे फुफ्फुस असेच बसले होते का; मुलाची बोटे आणि हात शरीराच्या मानाने फार लांब आहेत का किंवा डोळ्याचे भिंग सरकल्याचा इतिहास आहे का, कारण मार्फान सिंड्रोम या जन्मजात विकारात हे दिसते आणि त्यात हृदयाजवळची मुख्य रक्तवाहिनीही तपासावी लागते. मुलींच्या बाबतीत दुखणे पाळी सुरू झाल्यावर तीन दिवसांच्या आत आले का, हे संकोच न करता सांगावे. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी छातीत असतील तर पाळीच्या सुमारास, बहुधा उजवे फुफ्फुस बसते, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

तिसरा टप्पा: थांबायचे, हवा ओढायची की नळी घालायची

दम नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर काहीही न टोचता लक्ष ठेवणे हा खरा उपचार आहे. त्याला हयगय समजू नये. दोन आवरणांमधली हवा शरीर स्वतः शोषून घेते, पण सावकाश. दिवसाला साधारण एक ते दोन टक्के. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अभ्यासात, मध्यम ते मोठा न्यूमोथोरॅक्स असलेल्या ३१६ तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांपैकी निम्म्यांना नळी न घालता केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते. त्या गटातील साधारण ८५ टक्के रुग्णांना पुढेही नळी लागली नाही. अर्थात असे घरी सोडण्यापूर्वी काही तास रुग्णालयात ठेवून पुन्हा एक्स-रे काढतात, आणि घरी सोबत कोणीतरी असणे व रुग्णालय जवळ असणे आवश्यक मानतात. एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या मुलाने हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दम असेल तर जागा बधिर करून सुईने किंवा बारीक नळीने हवा ओढून पाहतात. काहींचे एवढ्यानेच भागते. हवा पुन्हा भरू लागली तर छातीत नळी ठेवावी लागते, जिला रुग्णालयात आयसीडी म्हणतात. फुफ्फुस बरेच दिवस बसलेले असेल तर ते एकदम फुगवल्यास त्यात पाणी उतरू शकते. म्हणून कळ प्रथम केव्हा आली, ही वेळ डॉक्टरांना अचूक सांगावी.

चौथा टप्पा: नळीचे दिवस

घरच्यांचा खरा कस येथे लागतो, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिते. नळी साधारणपणे काखेच्या खाली, छातीच्या बाजूला घालतात. जागा बधिर करतात, तरीही आत दाब जाणवतो. नळीचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली दोन सेंटीमीटर बुडालेले असते. छातीतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि पाण्यामुळे बाहेरची हवा उलट आत जाऊ शकत नाही.

बाटलीकडे पाहायला शिकावे. श्वासाबरोबर नळीतील पाणी वर-खाली होत असेल, तर नळी मोकळी आहे. बुडबुडे येत असतील तर गळती अजून चालू आहे. प्रथम सतत, मग केवळ खोकताना, आणि शेवटी तेही थांबतात. पाणी हलणे थांबले तर फुफ्फुस पूर्ण फुगले असू शकते किंवा नळी दुमडली असू शकते. म्हणून स्वतः अर्थ न लावता परिचारिकेला बोलवावे. बाटली नेहमी छातीच्या पातळीच्या खाली असली पाहिजे. एक्स-रेसाठी चाकाच्या खुर्चीवरून नेताना कोणीतरी ती मुलाच्या मांडीवर ठेवतो. असे करू देऊ नये. गळती चालू असताना नळीला चिमटा लावला तर आत हवेचा दाब साठतो, म्हणून डॉक्टरांच्या सूचनेशिवाय चिमटा कोणी लावू नये. नळी निसटून बाहेर आली, तर ती पुन्हा आत सरकवू नये. स्वच्छ गॉज जागेवर धरून मोठ्याने मदत मागावी.

वेदनाशामक औषध दुखण्याची वाट न पाहता वेळेवर घ्यावे. दुखते म्हणून मुलगा उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, आणि मग कफ साठून ताप येतो. माझा मुलगा पहिले दोन दिवस कुशीवर वळायलाही घाबरत होता. फिजिओथेरपिस्ट बाईंनी उशी छातीशी धरून खोकायला शिकवले आणि बाटली हातात खाली धरून वॉर्डमध्ये चालवले, तेव्हा कोठे त्याचा धीर परतला. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचे साधन, केव्हा आणि किती वेळा ओढायचा, हे गळतीवर अवलंबून असते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे पाहून ते ठरवू नये.

पाचवा टप्पा: शस्त्रक्रियेचा निर्णय

पहिल्या वेळेनंतर साधारण तीनपैकी एकाचे फुफ्फुस पुन्हा बसते, बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत. दुसऱ्यांदा बसल्यावर तिसऱ्यांदा बसण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. शस्त्रक्रियेचा सल्ला या हिशेबावर उभा असतो. त्याच बाजूला दुसऱ्यांदा झाले, एका बाजूनंतर दुसऱ्या बाजूला झाले, दोन्ही बाजूंना एकदम झाले, छातीत रक्तही साठले, किंवा नळी घालून चार-पाच दिवस झाले तरी गळती थांबली नाही, तर शल्यचिकित्सकांचे मत घ्यावेच. वैमानिक आणि पाणबुडे यांना पहिल्याच वेळी शस्त्रक्रिया सुचवतात.

आम्ही दुसऱ्या वेळी होकार दिला आणि तो योग्य होता असे मी मानते. पहिल्या वेळी मात्र मी मुलाला लगेच टेबलावर पाठवले नसते, कारण तीनपैकी दोघांना तो प्रसंग पुन्हा येतच नाही. गडबडीत सही करण्यापूर्वी शल्यचिकित्सकांना विचारावे: ही शस्त्रक्रिया तुम्ही नियमित करता का, फुगे काढण्याबरोबर आवरणे चिकटवण्याची कोणती पद्धत वापरणार आणि तीच का, दुर्बिणीतून जमले नाही तर छाती उघडावी लागेल का, दुसऱ्या बाजूच्या स्कॅनमध्ये काय दिसते आहे.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात फुफ्फुसाचा भाग कापून टाचणाऱ्या स्टेपलरच्या काडतुसांची संख्या व किंमत वेगळी दाखवायला सांगावी, कारण बिलाचा मोठा भाग तेथे जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन, ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का हे दाखल होतानाच विचारावे. नंतर धावपळ करण्यात अर्थ राहत नाही.

सहावा टप्पा: शस्त्रक्रिया

आता ही शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते; तिला व्हॅट्स म्हणतात. पूर्ण भूल देतात आणि श्वासनलिकेत दोन कप्प्यांची विशेष नळी घालून एकाच फुफ्फुसाने श्वास चालू ठेवतात, म्हणजे दुसरे शांत राहते आणि त्यावर काम करता येते. रुग्णाला कुशीवर ठेवून बरगड्यांच्या मध्ये एक ते तीन लहान छेद घेतात. शेंड्यावरचा फुग्यांचा भाग स्टेपलरने कापला जातो आणि त्याच वेळी टाचलाही जातो. मग छातीत सलाइन सोडून फुफ्फुस फुगवून पाहतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर पाण्यात शोधतात तसेच.

फुगे कापल्याने निम्मेच काम होते. उरलेले निम्मे म्हणजे फुफ्फुस छातीच्या भिंतीला कायमचे चिकटवणे, ज्याला प्लुरोडेसिस म्हणतात. भिंतीचे आवरण खरवडून, त्याचा वरचा भाग सोलून, किंवा निर्जंतुक टाल्क पावडर फवारून हे करतात. जखम भरताना दोन्ही आवरणे जोडली जातात, म्हणून पुढे एखादा फुगा फुटला तरी फुफ्फुस पूर्ण आकसत नाही. टाल्कने आवरणे घट्ट चिकटतात, पण त्यामुळे भविष्यात छातीची दुसरी शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते; तरुण मुलाच्या बाबतीत हा मुद्दा चर्चेस घ्यावा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात साधारण पाच जणांना, तर छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण एकाला हा विकार पुन्हा होतो. दुर्बिणीनंतर वेदना कमी आणि घरी परतणे लवकर, म्हणून तिला पसंती मिळते. काढलेला तुकडा तपासणीसाठी पाठवतात. क्षय नाही ना, हे त्यातही कळते. तो अहवाल मागून घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नळी राहते. गळती लांबणे, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके कमी असले तरी आहेत. छेदाच्या पुढच्या भागात, स्तनाग्राच्या खाली बधिरपणा किंवा आग होणे काही आठवडे, कधी काही महिने टिकते. बरगड्यांमधील नस दुखावल्याने ते होते. आवरणे चिकटण्यासाठी थोडी सूज आवश्यक असल्यामुळे काही शल्यचिकित्सक ठरावीक वेदनाशामके टाळतात, म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःहून गोळ्या आणू नयेत.

सातवा टप्पा: घरी परतल्यावर

पहिल्या दिवसापासून घरात चालावे आणि श्वासाचे व्यायाम चालू ठेवावेत. जड उचलणे, व्यायामशाळा आणि धक्काबुक्कीचे खेळ डॉक्टर परवानगी देईपर्यंत, साधारण महिना-दीड महिना, बंद ठेवावेत. ऑफिस त्याआधी सुरू होऊ शकते, पण गर्दीच्या वेळची लोकल टाळावी. ठाण्याच्या फलाटावर लागणारा एक कोपरही त्या बाजूला असह्य होतो. आम्ही तीन आठवडे सकाळी उशिराच्या गाडीची सवलत मुलाच्या वरिष्ठांकडून मागून घेतली.

विमानात हवेचा दाब कमी असतो आणि छातीत अडकलेली हवा साधारण एक तृतीयांशाने प्रसरण पावू शकते. म्हणून एक्स-रेमध्ये फुफ्फुस पूर्ण फुगलेले दिसल्यानंतर किमान सात दिवस विमानप्रवास करू नये, आणि तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हिमालयातील उंच ट्रेकसाठीही तोच विचार लागू होतो. स्कूबा डायव्हिंगचा नियम सर्वांत कडक आहे. मालवण-तारकर्लीला मित्रांसोबत गेलेला मुलगा फॉर्मवर फुफ्फुसाच्या आजारापुढे नाही अशी खूण करून पाण्यात उतरतो, हे मी ऐकले आहे. वर येताना छातीतील हवा प्रसरण पावते आणि पाण्याखाली नळी घालणारे कोणी नसते. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया होऊन तज्ज्ञांनी लेखी मान्यता दिल्याशिवाय हा विकार झालेल्याने आयुष्यभर स्कूबा करू नये.

सिगारेट, हुक्का, गांजा आणि व्हेप हे सर्व बंद झाले पाहिजे. शस्त्रक्रियेने शेंड्यावरचे फुगे गेले तरी उरलेले फुफ्फुस तेच असते आणि दुसरी बाजूही तशीच असते. सोडणे जड जात असेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.

शेवटी एक फाइल तयार करावी: पहिला आणि शेवटचा एक्स-रे, स्कॅन, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि तुकड्याच्या तपासणीचा अहवाल. कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेला आणि कोणत्या पद्धतीने प्लुरोडेसिस झाले, हे एका कागदावर लिहून त्याचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवावा. पुढे कोणत्याही कारणाने भूल घ्यावी लागली, अगदी अपेंडिक्ससाठीसुद्धा, तर भूलतज्ज्ञांना हा कागद आधी दाखवावा, कारण भुलीतील नायट्रस ऑक्साइड वायू छातीत अडकलेल्या हवेचा आकार वाढवतो आणि यंत्राने दिलेला श्वास उरलेल्या फुग्यावर ताण आणतो. माझ्या मुलाच्या पाकिटात त्या कागदाची एक लॅमिनेट केलेली प्रतही आहे.